जुन्या स्वस्तातल्या इलेक्ट्रिक गिटारींमध्ये लोकांना एवढं काय दिसतं?

फ्रेटबझ_०७
मंडळी, प्रश्न जरा बावळट वाटेल, सांभाळून घ्या. मित्राच्या काकांच्या माळ्यावरून परवा एक जुनी जपानी इलेक्ट्रिक गिटार खाली उतरवली. साठच्या दशकातली असावी असं काका म्हणतात. कुठल्या कंपनीची ते कळायला मार्ग नाही कारण हेडस्टॉकवरचा, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकावरचा बॅज कधीच पडून गेलाय, नुसती दोन बारीक भोकं उरलीत आणि मधला रंग अजून कोरा आहे, भिंतीवरची तसबीर काढल्यावर दिसतो ना तसा. दोन पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारे चुंबकवाले डबे, वरच्या जाळीतून आत सोनेरी पत्रा चमकतो, अगदी चॉकलेटच्या कागदासारखा. खाली पांढऱ्या स्विचांची रांग. त्यातला चौथा स्विच कशासाठी आहे हे मला अजून कळलेलं नाही.

आता खरं सांगायचं तर गिटार वाजवायला भयंकर आहे. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर, तारेखालून पेन्सिल जाते, उगाच बोलत नाहीये, घालून बघितली. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या (दांडीच्या) आतली बाक काढायची सळई, फिरवायला कुठे जागाच नाही. अँपवरचा गेन, म्हणजे सिग्नलचा जोर, जरा वाढवला की किंचाळते. माझ्याकडे नवीन बिगिनर गिटार आहे ती हिच्यापेक्षा प्रत्येक बाबतीत सरस आहे, ट्यूनिंग टिकतं, ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, मस्त, सगळं जागच्या जागी. पण झालं असं की मी दहा मिनिटं बघतो म्हणून बसलो आणि तीन तास उठलो नाही. का? नॉस्टॅल्जिया म्हणावा तर त्या काळात माझा जन्म पण झाला नव्हता, मग आठवणी कुणाच्या काढतोय मी? काका विकायला तयार आहेत, फुकट नाही देणार पण अडूनही बसणार नाहीत. घ्यावी का, आणि घेण्याआधी काय काय बघू?

बेसुरा_बाळू
घेऊ नकोस. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी आधी चाळीस वर्षं माळ्यावर पडलेल्या प्लायवुडवर हात फिरवून बघावा. या गिटारी कॅटलॉग बघून पोस्टाने मागवायच्या किंवा डिपार्टमेंट स्टोअरमध्ये टोस्टरच्या शेजारी विकायच्या म्हणून बनवल्या होत्या, चार पिकअप आणि दहा स्विच लावले की फोटोत माल भारी दिसतो एवढाच त्यामागचा विचार. त्या वेळी पोरं यावर शिकायची कारण दुसरं परवडायचं नाही, आणि चार पैसे हातात आले की पहिली ही गिटार विकायची. आज एखादा प्रसिद्ध माणूस स्टेजवर असली गिटार घेऊन दिसला की सगळ्यांना अचानक त्यात आत्मा वगैरे दिसायला लागतो. आणि ज्या साफ भंगार होत्या त्या केव्हाच चुलीत गेल्या, उरल्या त्यातल्या बऱ्या, म्हणून वाटतं की तेव्हाचं सगळंच बरं होतं. तीन तास बसलास कारण नवीन खेळणं होतं. आठवडाभराने सांग.

सोल्डरवाला
बाळूभाऊ सकाळी चहा झाला नाही वाटतं 😄

फ्रेटबझ, आधी काय बघायचं ते सांगतो, आवडीनिवडीचं नंतर. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि अगदी शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाब. आता सातव्या आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट दिसते ते बघ. साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी किंवा त्याहून कमी असेल तर नेक सरळ आहे, आनंद आहे. काडेपेटीतली काडी जात असेल तर नेकला कायमचा बाक आलाय, आणि ट्रस रॉड फिरवता येत नसेल तर तो काढायला फ्रेट काढून फिंगरबोर्ड घासावं लागतं किंवा नेक तापवून दाबावी लागते, ते काम गिटारपेक्षा महाग पडतं. तिथे हात जोडायचे आणि निघायचं.

पण नेक सरळ असून ॲक्शन उंच असेल, तर बहुतेक वेळा दोष नेकच्या कोनाचा असतो. मागचे चार स्क्रू सोड, खाचेत आतल्या टोकाला, म्हणजे ब्रिजच्या (बॉडीवर तारा टेकतात त्या पट्टीच्या) बाजूला, जाड कार्डाचा छोटा तुकडा ठेव, परत आवळ. नेक किंचित मागे झुकते आणि तारा खाली येतात. माझ्याकडच्या एका जुन्या गिटारचे स्क्रू सोडले तर आत आधीच कुणीतरी काडेपेटीचं कव्हर कापून घातलेलं होतं, दोन घड्या करून, छाप अजून वाचता येत होता. कुणी केलं माहीत नाही पण बरोबर केलं होतं, मी तेच परत आत ठेवलं.

पिकअपसाठी मल्टिमीटर घेऊन जा. गिटारला केबल लाव, व्हॉल्यूम पूर्ण वर, केबलच्या दुसऱ्या टोकाला टोक आणि दांडा यांच्यामध्ये रेझिस्टन्स मोज. काही किलोओहम दाखवलं की कॉइल जिवंत आहे. काहीच दाखवलं नाही तर लगेच घाबरू नको, त्या स्विचांचे संपर्क गंजलेले असतात, पाच पन्नास वेळा खटखट कर, कॉन्टॅक्ट क्लीनर मार, अर्ध्या मेलेल्या गिटारी तेवढ्यावर उठून बसतात.

किंचाळण्याचं म्हणशील तर ते अपेक्षितच. आजकाल पिकअपची कॉइल मेणात बुडवून काढतात म्हणजे तिचे वेढे हलत नाहीत. तेव्हाच्या स्वस्त पिकअपला हा खर्च कोण करणार. त्यामुळे कॉइल आणि वरचं कव्हर दोन्ही थरथरतात आणि पिकअप मायक्रोफोनसारखं वागतं. अँप चालू ठेवून पिकअपजवळ तोंड नेऊन बोलून बघ, तुझा आवाज स्पीकरमधून येईल. हाच दोष, आणि माझ्या मते अर्धी मजा पण हीच. तू पिक कसा धरतोस, बोट पिकगार्डला घासतंय का, हे सगळं त्यात ऐकू येतं. मेणात बुडवायची घाई करू नको, प्लास्टिकचा बॉबिन असला तर वितळतो.

ई_मायनर
सोल्डरवाला बरोबर, एक ॲड करतो. तारा कुठल्या लावल्यात बघ. त्या काळी इलेक्ट्रिकला पण जाड तारा यायच्या आणि तिसरी तार वळलेली असायची, वाउंड. ब्रिज त्या हिशोबाने बनवलेला. आता आपण शून्य नऊचा किंवा दहाचा, म्हणजे बारीक तारांचा सेट लावतो ज्यात तिसरी साधी असते आणि मग ती वर वर जाताना चढते आणि सगळे म्हणतात गिटारच बेसुरी. वाउंड तिसरीचा सेट लाव, निम्मी भांडणं मिटतील. फक्त ट्रस रॉड फिरवता येत नाही म्हणतोयस तर नेक कशी सोसते त्यावर महिनाभर नजर ठेव.

बेसुरा_बाळू
म्हणजे स्क्रू सोडा, कार्ड घाला, स्विच साफ करा, तारा बदला, वर महिनाभर पहारा द्या. एवढं सगळं करून जी नवीन गिटार डब्यातून काढल्या काढल्या करते तिथवर पोचायचं. हौसेला मोल नाही हेच खरं.

तिसरी_तार
बाळू, तुझं अर्धं म्हणणं पटलं. वाजवायला नवीन स्वस्त गिटार चांगली यात वादच नाही, मशीनवर कापलेली नेक मिलिमीटरच्या अंशापर्यंत तंतोतंत येते, त्याच्याशी जुन्यांनी बरोबरी करूच नये. पण तू जे विचारत नाहीयेस ते हे की नवीन स्वस्त गिटार कशासारखी वाजते? महागड्या गिटारसारखी, जरा कमी. तिचं सगळं आयुष्य दुसऱ्याचा चेहरा लावण्यात जातं. जुन्या स्वस्त गिटारवाल्यांना नक्कल करायला पण पैसे नव्हते, जे हाताशी होतं त्यातून गिटार उभी केली, आणि म्हणून प्रत्येकीचा आवाज तिचा स्वतःचा.

डॅनइलेक्ट्रो घे. न्यू जर्सीत नॅथन डॅनियल नावाच्या माणसाने चालवलेली कंपनी. वर खाली मेसोनाइट, म्हणजे हार्डबोर्ड, कपाटाच्या मागे ठोकतात तसला, मधे लाकडाची चौकट आणि आत पोकळ. कडेच्या शिवणी दिसू नयेत म्हणून गोल फिरवून व्हिनाइलची पट्टी चिकटवलेली. पिकअपची कॉइल चुंबकावर गुंडाळायची आणि लिपस्टिकच्या नळ्यांमध्ये सरकवायची, खरोखरच्या लिपस्टिकच्या नळ्या, धातूची असल्याने आपोआप शील्डिंगही झालं. आता गंमत बघ. बहुतेक गिटारमध्ये दोन पिकअप एकत्र केले की ते पॅरलल जोडलेले असतात, आवाज जरा पातळ होतो. यांनी सिरीजमध्ये जोडले. त्यामुळे मधल्या पोझिशनला गिटार अचानक मोठी आणि भरदार होते. हा आवाज महागड्या गिटारमध्ये नव्हता, हार्डबोर्डवाल्या गिटारमध्ये होता. अमेरिकेतलं कॅटलॉगवालं दुकान सिअर्स हीच गिटार सिल्व्हरटोन नावाने विकायची, १९६२ पासून तर केसमध्येच अँप आणि स्पीकर बसवून, केस उघडा, उभी करा, वाजवा. लेड झेपलिनच्या जिमी पेजकडे त्या वेळी काय गिटारींची कमी होती? तरी वेगळ्या ट्यूनिंगच्या गाण्यांना तो डॅनइलेक्ट्रोच उचलायचा.

शिकागोच्या वॅल्कोने तर फायबरग्लासच्या बॉड्या काढल्या, दोन अर्धी टरफलं जोडून, मॉंटगोमेरी वॉर्डच्या दुकानात एअरलाइन नावाने विकल्या जायच्या. व्हाइट स्ट्राइप्स बँडच्या जॅक व्हाइटच्या हातातली लाल गिटार तीच. इटलीतली एको आणि स्वीडनची हॅगस्ट्रॉम या मूळच्या अकॉर्डियनवाल्या कंपन्या, अकॉर्डियनची मागणी पडली तेव्हा त्यांच्याकडे चकचकीत प्लास्टिक आणि पुशबटणांचा अनुभव पडूनच होता, तो त्यांनी गिटारला लावला. म्हणून त्या गिटारी जत्रेतल्या पाळण्यासारख्या दिसतात.

आणि फ्रेटबझ, तुझ्या त्या चॉकलेटच्या कागदाला गोल्ड फॉइल पिकअप म्हणतात. सोनेरी पत्रा नुसता शोभेचा, आवाज त्यातून येत नाही. पण आत बऱ्याचदा रबरासारखा वाकणारा कमजोर चुंबक असतो आणि त्याची तारांवरची ओढ कमी. आवाज मोकळा येतो, वर थोडी हवा असते, खाली गुरगुर. अमेरिकन गिटारवादक राय कूडरने टीस्को या जपानी कंपनीचं असं पिकअप काढून आपल्या स्ट्रॅटमध्ये, म्हणजे फेंडरच्या महागड्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये बसवलं तेव्हापासून लोक नुसत्या पिकअपसाठी अख्ख्या गिटारी फोडायला लागले. तू तसलं काही करू नकोस प्लीज.

मग हे संपलं कधी? सत्तरच्या दशकात जपानी कारखाने महागड्या अमेरिकन गिटारींच्या हुबेहूब कॉप्या करायला लागले आणि इतक्या चांगल्या करायला लागले की १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने, नॉर्लिनने, जपानी इबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकाला हेडस्टॉकच्या आकारावरून कोर्टात खेचलं. १९८२ ला फेंडरनेच जपानमध्ये स्क्वायर ही आपली स्वस्त गिटार काढली. तिथून पुढे स्वस्त गिटार म्हणजे कॉपी, चांगली कॉपी. त्यात वाईट काही नाही, माझीही पहिली गिटार तीच. फक्त आता कुणी लिपस्टिकच्या नळीत कॉइल सरकवत नाही, सरकवलीच तर डॅनइलेक्ट्रोची आठवण म्हणून.

सोल्डरवाला
@तिसरी_तार मस्त लिहिलंस. एक धोक्याची सूचना राहिली. गिटारबरोबर जुना छोटा अँप मिळत असेल तर तो भिंतीत लावायच्या आधी कुणा जाणकाराला दाखवा. तेव्हाच्या कित्येक स्वस्त अँपमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मर नसायचाच, भिंतीतली वीज थेट आत. पिन उलटी बसली किंवा आतला एक कपॅसिटर गेला की तारांना हात लावल्यावर शॉक, आणि तो नुसता झिणझिण्या येण्यावर थांबेल याची खात्री नाही. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

बेसुरा_बाळू
ठीक आहे, लिपस्टिकची गोष्ट आवडली. पण जिमी हेंड्रिक्सची पहिली इलेक्ट्रिक सुप्रो होती, वॅल्कोचीच, स्वस्तातली. पुढे स्ट्रॅट हातात आल्यावर तो तिच्याकडे परत गेला का? नाही ना.

ई_मायनर
शिकागोचा ब्लूजवाला हाउंड डॉग टेलर शेवटपर्यंत स्वस्त जपानी गिटारवर स्लाइड, म्हणजे तारांवर नळी सरकवून, वाजवत राहिला की. त्याला नाही दिसली कुठे स्ट्रॅट? आणि बाय द वे स्लाइडला उंच ॲक्शन लागतेच. फ्रेटबझ, पेन्सिल जाते म्हणतोयस ना, मग पेन्सिल काढ आणि काचेची नळी घाल बोटात.

फ्रेटबझ_०७
अपडेट. सगळ्यांचे आभार, बाळूदादांचे पण, त्यांच्यामुळे जरा डोकं थंड ठेवून गेलो.

फट मोजली, व्हिजिटिंग कार्ड अडकतं, काडी अजिबात जात नाही. म्हणजे नेक सरळ. स्क्रू सोडले, आत शिम, म्हणजे कार्डाचा तुकडा वगैरे काही नव्हतं, पण खाचेत पेन्सिलने लिहिलेला एक जपानी आकडा की अक्षर आहे आणि शेजारी अंगठ्याचा ठसा, वॉर्निश ओलं असताना उमटलेला असणार. फोटो काढलाय पण नीट येत नाहीये. कार्डाचा तुकडा घातला, ॲक्शन बऱ्यापैकी खाली आली, खालच्या पाच सहा फ्रेटांवर आता कॉर्ड धरता येतात, वर अजून कुस्तीच आहे. मल्टिमीटरवर पुढचं पिकअप पटकन आलं, मागचं मेलेलं वाटत होतं, स्विच खटखटवत बसलो आणि साधारण तिसाव्या वेळेला जिवंत झालं. पिकअपमध्ये बोलून पण बघितलं. काका दाराशी उभे होते, त्यांनी विचारलं हा काय करतोय, तर मित्र म्हणाला फोन लागत नाहीये त्याचा.

घेतली. काकांनी चहा दिला आणि पैसे मोजून घेतले, एक रुपया सोडला नाही.

तिसरी_तार चं वाचून एक कळलं, मी तीन तास का बसलो ते. माझ्या नेहमीच्या गिटारवर मी नेहमीचंच वाजवतो, बोटं आपोआप तिकडेच जातात. हिच्यावर ते चालतच नाही, वरच्या फ्रेटला गेलं की घसरतं, गेन वाढवला की ओरडते, म्हणून खाली खाली दोन तीन सुरांत काहीतरी शोधत राहिलो आणि ते माझं मलाच ओळखीचं वाटेना.

आता दोन प्रश्न. एक, त्या दोन भोकांमधलं अंतर सुमारे साडेचार सेंटिमीटर आहे, बॅजवरून कुणाला कंपनी ओळखता येईल का? आणि दोन, तो चौथा स्विच. चालू बंद केला तरी आवाजात काही म्हणता काही फरक नाही.

सोल्डरवाला
बॅजवरून अवघड आहे रे, एकाच कारखान्यातून निघालेल्या गिटारी केंट, किंग्स्टन, नॉर्मा असल्या बऱ्याच नावांनी विकल्या जायच्या, आयात करणारा जे सांगेल ते नाव ठोकायचे. पिकगार्ड, म्हणजे वरचं प्लास्टिकचं पान, खोलून पॉट्सचा (व्हॉल्यूमच्या बटणांखालच्या भागांचा) आणि वायरिंगचा फोटो टाक, त्यावरून बघू. चौथ्या स्विचची वायर तुटली असेल.

बेसुरा_बाळू
किंवा तो कधी जोडलाच नसेल. फोटोत भारी दिसावं म्हणून. मी सांगितलं होतं.