सूड, डूख, समेट, क्षमा: प्राण्यांसाठी कोणता शब्द?

प्रश्न: डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात माकडे कुत्र्यांची पिल्ले उंचावर नेऊन टाकत असल्याच्या बातम्या आल्या आणि कुत्र्यांनी माकडाचे पिल्लू मारल्याचा हा ‘सूड’ आहे, असे सरसकट म्हटले गेले. हा शब्द तेथे योग्य आहे काय? आणि प्राणी ‘क्षमा’ करतो, असे म्हणता येईल काय?

उत्तर: सूड म्हणजे ज्याने अपराध केला त्यालाच, स्वतःचा लाभ नसला तरी, भोगायला लावणे. सापडेल त्याच्यावर राग निघाला तर ते वड्याचे तेल वांग्यावर झाले. त्यामुळे पिल्लांच्या बाबतीत हा शब्द मला खटकतो. मात्र प्राण्यांना सूड ठाऊकच नाही, असे मुळीच नाही. संशोधक कीथ जेन्सन आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या प्रयोगात एका चिंपांझीपुढचे खाणे दुसऱ्याने ओढून घेतले, तर पहिल्याला दोरी खेचून खाणे ठेवलेले टेबल कोसळवता येत असे. खाणे त्याला परत मिळणार नव्हतेच, फक्त चोराच्याही तोंडचे जाणार होते, तरीही तो दोरी खेचत असे. तेच खाणे माणसाने उचलून दुसऱ्याला दिले, तर मात्र तो तितक्या वेळा खेचत नसे. याला मी निःशंकपणे सूड म्हणेन. पुढे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चोरी तिऱ्हाईताच्या खाण्याची होती, तेव्हा पाहणाऱ्या चिंपांझीने चोराला शासन केले नाही. म्हणून ‘दंड’ हा शब्द मानवी समाजासाठीच राखावा.

‘डूख धरणे’ आपण नागाला लावतो, जरी नाग माणसाला लक्षात ठेवून सूड घेतो या समजुतीला आधार नाही. अमेरिकेतील सिएटलच्या कावळ्यांना मात्र तो शब्द चपखल बसतो: जो मुखवटा घालून संशोधकांनी त्यांना पकडले होते, तो मुखवटा दिसताच ते कित्येक वर्षांनंतरही कलकलाट करून अंगावर येत.

दुसरे उत्तर: वरील विवेचन मान्य आहे. क्षमेविषयी भर घालतो. नेदरलँड्समधील आर्नेम येथील चिंपांझी भांडणानंतर थोड्याच वेळात एकमेकांचे चुंबन घेतात, मिठी मारतात, हे प्राणिवर्तनाचे अभ्यासक फ्रान्स द वाल आणि व्हॅन रोसमालेन यांनी १९७९ मध्ये मांडले. याला ‘समेट’ किंवा ‘दिलजमाई’ म्हणावे, कारण ज्यांना एकाच कळपात राहायचे आहे त्या दोघांचीही ती गरज असते. ‘क्षमा’ एकतर्फी असू शकते. अपराध पोटात घालणाऱ्याला समोरच्याकडून काहीच मिळायचे नसते. रावण पडल्यावर ‘मरणान्तानि वैराणि’ (वैर मरणापाशी संपते) म्हणून राम बिभीषणाला त्याचा अंत्यसंस्कार करायला सांगतो, तेव्हा समेट करायला समोर कोणी उरलेलेच नसते.