‘एचआयव्हीवर लस आली’ म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचा

सात रस्ता
परवा इथं कुणीतरी पोस्ट टाकलीय: ‘एचआयव्हीवर लस आली! वर्षात दोन इंजेक्शनं, १०० टक्के खात्री. गोळ्यांचा जमाना संपला.’ खाली सगळ्यांनी हात जोडलेत. मी पंधरा वर्षं एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं, समुपदेशक होते. रात्रभर झोप नाही मला.

ती लस नाही. लेनाकापाविर हे औषध आहे. अंगात आहे तोवर राखण करतं, पुढचं इंजेक्शन चुकलं की राखण गेली. आणि ही बातमी लागण नसलेल्यांसाठी आहे. लागण झालेल्यांत ते एकटं देतच नाहीत. इतर औषधं चालेनाशी झालेल्या मोजक्या पेशंटना बाकीच्या औषधांबरोबर देतात. हा विषाणू पेशींत लपून झोपतो, गोळी बंद झाली की उठतो. तिथपर्यंत पोचणारं औषध अजून कुणाकडं नाही.

२०१९ च्या मार्चमध्ये ‘लंडनचा पेशंट बरा झाला’ म्हणून बातमी आली. हैदराबाद लाईनचा एक ट्रक ड्रायव्हर ते कात्रण लायसनच्या प्लॅस्टिकमध्ये घडी घालून फिरायचा. ‘बाई, निघालंय की औषध,’ म्हणत त्यानं गोळ्या सोडल्या. लंडनच्या माणसाला कॅन्सर होता, म्हणून दुसऱ्याचा बोनमॅरो घातला होता. तो दाताही विरळाच, त्याच्या पेशींत विषाणूला शिरायला दारच नव्हतं. हे सांगायला मला तो ड्रायव्हर भेटला आठ महिन्यांनी, टीबी घेऊन. चार महिन्यांत गेला. कात्रण बायकोनं आणून दिलं.

चादर मार्केट
ताई, पोस्ट मी टाकलेली. आशेवर पाणी कशाला ओतायलाव? २०२४ च्या चाचणीत दक्षिण आफ्रिका आणि युगांडात २,१३४ मुलींना हे इंजेक्शन दिलं, एकीलाही लागण नाही. जुलै २०२५ मध्ये डब्ल्यूएचओनंही शिफारस केली. हे खोटं आहे का?

माझा थोरला भाऊ २००२ ला गेला. लूमवर होता. आईनं मंगळसूत्र मोडून तीन महिन्यांच्या गोळ्या आणल्या, चौथ्या महिन्याला मोडायला काही नव्हतं. सरकारी गोळ्या फुकट झाल्या एप्रिल २००४ ला. दोन वर्षं! ‘थोडं थांबा, येतंय’ असं म्हणणारा एक माणूस आम्हाला हवा होता.

सात रस्ता
भावाचं ऐकून वाईट वाटलं. पण ‘येतंय’ आणि ‘आलं, गोळ्या संपल्या’ यात माणूस जाण्याइतकं अंतर आहे. अमेरिकेत या इंजेक्शनची किंमत वर्षाला २८,००० डॉलरच्या वर. गरीब देशांना ४० डॉलरला मिळेल ते २०२७ पासून.

अक्कलकोट रोड
इंजेक्शन-बिंजेक्शन राहू द्या. लग्नाआधी टेस्ट सक्तीची करा, निम्मा प्रश्न सुटतो. छत्तीस गुण बघता, एक रक्त तपासायला लाज वाटते? माझ्या बहिणीला तिसऱ्या महिन्यात, दवाखान्यात कळलं. नवऱ्याला आधीपासून माहीत होतं. सासरच्यांनी तिलाच बाहेर काढलं. आता माहेरी विड्या वळायलीय.

सात रस्ता
२०१७ च्या कायद्यानं संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही. आणि टेस्ट कालची, लागण परवाची. सुरुवातीचे काही आठवडे सापडतच नाही. लग्नानंतर लाईनवर जाणाऱ्याचं काय?

अक्कलकोट रोड
कायदा लपवणाऱ्यालाच राखणार असेल तर चुलीत घाला. तुम्ही टेबलाच्या त्या बाजूला बसून पंधरा वर्षं काढली, आम्ही या बाजूला.

चादर मार्केट
भाऊ, ताईंवर नको ओरडू. सक्ती झाली की खोटे रिपोर्ट विकत मिळतील, आणि एका कागदावर पोरींची लग्नं मोडतील.

अक्कलकोट रोड
मोडू देत! माझ्या बहिणीचं मोडलं असतं तर बरं झालं असतं.

शेंगा चटणी
मी पॉझिटिव्ह आहे. अकरा वर्षं झाली. दादा, तुमच्या बहिणीसारखीच मीही. माझं पहिलं स्थळ असंच मोडलं. लॅबवाल्यानं कागद माझ्या हातात न देता मामाच्या हातात दिला, संध्याकाळपर्यंत गल्लीला ठाऊक. नंतर ज्याच्याशी लग्न केलं त्याला पहिल्या भेटीत सांगितलं. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, सापडत नाही इतका खाली आहे. नवरा निगेटिव्ह, मुलगी सहा वर्षांची, तीही निगेटिव्ह. वेळेवर गोळ्या घेतल्या तर जोडीदाराला लागण जवळपास थांबते, हे दाखवणाऱ्या २०११ च्या अभ्यासात पुण्याच्या ‘नारी’ या एड्स संशोधन संस्थेतली जोडपीही होती. बहिणीला हे सांगा. तिचं आयुष्य संपलेलं नाही.

गोळ्यांची बाटली मी तांदळाच्या डब्यात ठेवते. हलली की वाजते, म्हणून आत कापूस कोंबते. घरात सासू आहे, तिला माहीत नाही. दोन महिन्यांतून एकदा घ्यायची उपचाराची इंजेक्शनं बाहेरच्या देशांत आहेत. ती इथं आली तर मला ‘बरी झाले’ म्हणायचं नाही. फक्त बाटली वाजायची थांबेल.

अक्कलकोट रोड
ताई, बहिणीला तुमचं वाचून दाखवतो. सक्तीचं मत माझं तेच आहे. पण कागद मामाच्या हातात देणं चूक, एवढं मान्य.

सात रस्ता
कापसाचं मला पंधरा वर्षांत कुणी बोललं नव्हतं. लांब मुदतीच्या औषधाची वाट बघणं चूक नाही, मान्य करते. पण चादर मार्केट, ‘लस’ शब्द काढा, आणि ‘गोळ्या संपल्या’ तर आत्ता काढा.

चादर मार्केट
दोन्ही काढले. ‘चालू गोळी सोडू नका’ सगळ्यात वर घातलंय. ‘येतंय’ मात्र ठेवलंय, ते काढणार नाही.