नवा गिलावा, पहिला रंग : तुमच्याकडे काय झालं?

शेजारच्या विंगमध्ये कुणीतरी फ्लॅट पूर्ण उघडून नवा गिलावा केलाय. लिफ्टमधून बाहेर आलं की ओल्या सिमेंटचा वास येतो आणि मी थेट साताऱ्यात, बाबांनी बांधलेल्या घरात. बाबा ऑफिसला जायच्या आधी नळी घेऊन भिंतींना पाणी मारायचे, संध्याकाळी आल्यावर चहाच्या आधी परत. धाकट्या भावाला वाटायचं, पाणी घातलं की भिंती वाढतात. त्यांनी पूर्ण पावसाळा घराला रंग लागू दिला नाही. वास्तुशांत झाली ती करड्या भिंतींत. फोटोत सगळे नटलेले, पैठण्याबिठण्या, आणि मागे उघडं सिमेंट. आई अजून तो अल्बम पाहुण्यांना दाखवत नाही. दिवाळीच्या तोंडावर मात्र फिकट पिस्ता डिस्टेंपर लागला आणि मी दहावी होईपर्यंत कुठे पोपडा धरला नाही.

आता लोक ताबा मिळाला की महिन्याच्या आत राहायला जातात. तुमचे अनुभव लिहा. पुट्टी, प्रायमर, रंगाऱ्याशी भांडण, शेडवरून नवऱ्याशी भांडण, सगळं चालेल.

चिरेबंदी
मे अखेर गिलावा संपला. कंत्राटदार म्हणे लगेच रंग मारून घेऊ, एकदा पाऊस लागला की सुकायचं नाही. म्हणजे ओल आत कोंडायची आणि वरून झाकण! कोकणातलं घर, जांभ्याचे चिरे. ऑगस्टमध्ये पश्चिमेच्या भिंतीवर कमरेपर्यंत लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी पूड. मेव्हण्यांनी उत्साहाने ओल्या फडक्याने पुसला, दोन दिवसांत दुप्पट. क्षार पाण्यात विरघळून परत भिंतीतच जातात हो. कोरड्या ब्रशने झाडायचा. शेवटी सापडलं काय, तर बाहेरची पन्हाळ फुटलेली. ती बदलेपर्यंत आतून काहीही मारा, शून्य उपयोग.

गवंड्याची_नात
आजोबा भिंतीवर बोटाची टिचकी मारत खोलीभर फिरायचे. बद्द वाजलं की तिथे गिलावा सुटलाय, तेवढा तुकडा काढून परत करायचा, मग मालक काही म्हणो. 7 दिवस पाणी आणि 28 दिवस रंगाऱ्याला दारात उभं करायचं नाही हा त्यांचा कायदा. तेव्हा पुट्टी कुठे होती, गिलाव्यावर चुन्याचा नीरू घोटायचे. त्यांच्या हातचा नीरू अजून आमच्या माजघरात आहे. आरसा लाजेल.

निवांत_दुपार
आमच्या बिल्डरने आतून जिप्सम केलंय. त्याला पण पाणी मारायचं का? सासरे रोज विचारतात.

पुट्टीसम्राट
@निवांत_दुपार नको!!! सासऱ्यांच्या हातातली नळी काढून घ्या. पाणी सिमेंटच्या गिलाव्याला, जिप्समला क्युरिंग लागत नाही. ते अर्ध्यापाऊण तासात धरतं, मग फक्त नीट सुकू द्यायचं. बाथरूममध्ये मात्र जिप्सम केलं नाहीये ना ते बघा.

निवांत_दुपार
नाही, तिथे टाइल्स आहेत. सासरे नाराज झाले, त्यांनी नवीन नळी आणली होती 😀

पुट्टीसम्राट
आलोच आहे तर लिहितो. व्हाइट सिमेंटची पुट्टी प्रायमरच्या आधी, भिंत किंचित ओलसर करून. अॅक्रिलिक पुट्टी प्रायमरच्या नंतर. आमच्या रंगाऱ्याने उलटं सुरू केलं होतं, गोणीवरची सूचना वाचून दाखवली तर म्हणाला साहेब तुम्हीच मारा. मग मारली! एक हात उभा, वाळला की दुसरा आडवा, थर पातळच. जाड थापली की तडकते. घासायच्या आधी रात्री बल्ब भिंतीला चिकटून धरा, दिवसा सपाट दिसणाऱ्या भिंतीचे सगळे खड्डे दिसतात. आणि घासताना मास्क लावा, घराची पिठाची गिरणी होते.

अर्धा_कप
रंगारी लोकांना चहा किती वेळा द्यायचा? आमच्याकडे चार जण, दिवसाला तीनदा, साखर किलोने संपली.

सोलापूरची_सून
@अर्धा_कप सकाळी एकदा आणि चारला एकदा. मधे मागितला तर ताक. उन्हाळ्यात ताकावर जास्त खूश असतात.

फळा_आणि_खडू
स्वयंपाकघर धुता यावं म्हणून दिरांनी ताज्या गिलाव्यावर डायरेक्ट ऑइल पेंट मारून घेतला. काही महिन्यांनी भिंतीला हात लावला की चिकट, जागोजागी मऊ झालेला. मी रसायनशास्त्र शिकवते, जाऊबाईंना म्हटलं, नव्या सिमेंटमध्ये चुना, रंगात तेल, वर ओल. तुमच्या भिंतीवर साबण तयार झालाय. त्या अजून बोलत नाहीत माझ्याशी. (रंग पूर्ण खरवडला, भिंत सुकू दिली, अल्कली सोसणारा प्रायमर मारला, मग जमलं.)

चिरेबंदी
@फळा_आणि_खडू 😂😂 भांडी घासा म्हणावं त्यावर

लीड्सची_मावशी
इकडचं, इंग्लंडमधलं सांगते. इथे आत बहुतेक जिप्समचा पातळ हात असतो, ओला असताना गडद गुलाबी, वाळला की फिकट. एक जरी गडद डाग राहिला तरी थांबायचं. पहिला हात साध्या मॅट इमल्शनमध्ये भरपूर पाणी घालून, म्हणजे भिंत तो पिते. घट्ट रंग मारला तर वर नुसती साल बसते आणि चिकटपट्टी काढताना पट्टीबरोबर सोलून येते. अख्खी भिंत पुट्टीने मढवायची पद्धत इथे नाही, खिळ्याच्या भोकांपुरतं काहीतरी भरतात. नोव्हेंबरात काम काढलं, सुकतासुकेना. अहोंनी हीटर फुल केला. प्लास्टर करणाऱ्याने येऊन बंद केला, खिडक्या उघडल्या आणि गेला. आम्ही आत स्वेटर घालून बसलो.

कोपऱ्यातला_टेबल
बीम आणि विटांच्या सांध्यात आडवी चीर सगळ्यांकडे येते का? तीनदा पुट्टी भरली, दर उन्हाळ्यात हजर.

गवंड्याची_नात
@कोपऱ्यातला_टेबल गिलाव्याच्या आधी सांध्यावर कोंबडीजाळी मारली नसणार. काँक्रीट आणि वीट वेगवेगळी हलतात. वायरिंगच्या झिऱ्यांवर पण तेच. आता चीर थोडी रुंद करून लवचिक फिलर आणि वर जाळीची पट्टी, मग पुट्टी. तरी खात्री देत नाही.

पैंजण
शेडकार्डावर बदामी. भिंतीवर उकडलेला बटाटा. नवरा म्हणतो दुसऱ्या हाताने उघडेल. उघडला. सोललेला बटाटा.

सोलापूरची_सून
@पैंजण पुट्टीवर नुसता प्रायमर असताना दोन बाय दोनचा तुकडा मारून सकाळी, दुपारी आणि ट्यूबलाइटमध्ये बघायचा. आम्ही चार शेड मारल्या, शेवटी सासूबाई म्हणाल्या पांढराच द्या.

अर्धा_कप
आमच्याकडे काम संपलं काल. रिकाम्या बादल्या रंगारी मागतोय, देऊ का? वीस लिटरच्या दोन आहेत.

चिरेबंदी
वेड्या आहात का! ती बादली म्हणजे घरची इस्टेट. भोकं पाडून कढीपत्ता लावा.

पैंजण
एक त्याला द्या एक ठेवा. धान्य नका भरू फक्त. आणि झाकणाच्या कडेचा वाळलेला रंग सुरीने खरवडून घ्या, नाहीतर झाकण बसत नाही परत.

अर्धा_कप
कढीपत्ता आहे आधीच, तीन बादल्यांत. गवती चहा लावते. कुणाकडे ठोंब आहे का, कोथरूडच्या आसपास?

निवांत_दुपार
माझ्याकडे आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. येताना ती दुसरी बादली आणा, सासऱ्यांना आता बाग करायचीये. नळी आहेच.