घरापासून रस्त्यापर्यंतची ड्रेनेज लाइन बदलायची आहे : खर्च किती, काम कसं करून घ्यावं?

मोगरा_पुणे
पुण्यातला बंगला, बांधकाम १९८१चं. मागच्या संडास-बाथरूमपासून फाटकापर्यंत १८ मीटर सहा इंची चिनी मातीची (स्टोनवेअर) लाइन, पुढे रस्त्यातल्या मॅनहोलपर्यंत साधारण ५ मीटर. दर दोन-तीन महिन्यांनी तुंबते. पट्ट्या मारल्या (लांब लवचीक पट्टी आत सारून लाइन मोकळी केली) की मुळांचे झुबके निघतात; कडेला उंबर आहे. दोन कंत्राटदारांचे अंदाज आले, एक ८५ हजार आणि एक १ लाख ६० हजार. दोन्हींत "जुनी लाइन काढून नवीन पीव्हीसी टाकणे, चेंबरसह" एवढी एकच ओळ. सगळी लाइन बदलावी की मुळं शिरलेला तुकडाच? पाइप ११० मिमीचा की १६० मिमीचा? पार्किंगच्या फरशा न फोडता काही होतं का? आणि महापालिकेत काय करावं लागतं?

नळकाम
खोदाईचा निर्णय घेण्याआधी शेवटचं चेंबर उघडून बघा. त्या काळातल्या बंगल्यांत फाटकाजवळच्या चेंबरमध्ये इंटरसेप्टिंग ट्रॅप असतो, म्हणजे रस्त्याच्या लाइनमधला वायू घराकडे येऊ न देणारा, पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप. त्याच्या वरच्या तोंडाला एक बूच असतं. ते निसटून ट्रॅपमध्ये पडलं की मागची अख्खी लाइन भरते आणि दोष पाइपला जातो. ट्रॅप साफ असेल तर सगळी झाकणं उघडून वरच्या चेंबरमध्ये दोन बादल्या पाणी एकदम ओता. वरचं चेंबर रिकामं होतंय आणि खालच्यात पाणी उशिरा, थोडंथोडं येतंय, तर मधला पाइप बसलाय किंवा फुटलाय. सोय असेल तर आतून कॅमेरा फिरवून घ्या, त्याआधी लाइन जेटिंगने (जोरदार दाबाच्या पाण्याने) धुऊन घ्यायची, नाहीतर कॅमेऱ्यात नुसता गाळ दिसतो.

मुळांचे झुबके वारंवार निघतात म्हणजे मात्र तुकडा बदलून भागणार नाही. स्टोनवेअर पाइप ६० सेंटिमीटरचे असतात. १८ मीटरला ३० पाइप, म्हणजे साधारण तेवढेच सांधे, सगळे काथ्या आणि सिमेंटचे. चाळीस वर्षांत सिमेंट तडकतं आणि ओल शोधत मूळ तिथूनच आत येतं. आज तीन सांधे बदललेत तर ते चौथ्यातून शिरेल. शिवाय पीव्हीसी आणि स्टोनवेअरचा जोड मापात नीट बसत नाही, तिथे कायमची कड राहते आणि कडेला कापूस, केस अडकतात.

उंबर तोडायचा विचार असेल तर आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५च्या महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार. त्याची गरज पडू नये. नवीन लाइन झाडापासून शक्य तितकी लांबून न्या.

ढाळ_महत्त्वाचा
अंदाजपत्रकावर बोलण्याआधी एक मोजमाप हवं. रस्त्यातल्या मॅनहोलमधल्या मुख्य लाइनची पातळी आणि तुमच्या मागच्या चेंबरच्या तळाची पातळी. पाण्याची लेव्हल नळी घेऊन दोन माणसं अर्ध्या तासात हे काढतात. मॅनहोलचं माप वरूनच काठीला टेप बांधून घ्यायचं. आत कोणीही उतरायचं नाही.

सहा इंची (१६०) पाइपला १:६० ढाळ धरा. १८ मीटरला ३० सेंटिमीटर उतरायला हवं, म्हणजे ३ मीटरच्या प्रत्येक पाइपमागे ५ सेंटिमीटर. चार इंचीला (११०) १:४० लागतो, प्रत्येक पाइपला साडेसात सेंटिमीटर, १८ मीटरला ४५. म्हणून जिथे रस्त्याची लाइन उथळ आहे तिथे ११० घालून फायदा नाही, खोली पुरत नाही. तुमच्याकडे मुख्य लाइन १६० ठेवा. संडासापासून पहिल्या चेंबरपर्यंत ११० पुरेसा.

खूप जास्त ढाळही नको. पाणी पुढे पळतं आणि मैला मागे राहतो. पातळीत फरक फार असेल तर पाइप तिरका न टाकता शेवटच्या चेंबरशी उभा ड्रॉप (सरळ खाली उतरणारा पाइप) घ्यावा.

पाइप विकत घेताना दुकानदार "एसडब्ल्यूआर" (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा पाइप) म्हणून काहीही देतो. टाइप ए हा पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेसाठी असतो, मैल्यासाठी टाइप बी. पाइपवर आयएस १३५९२ आणि टाइप बी छापलेलं असतं. जाडी ११० ला किमान ३.२ मिमी, १६० ला ४ मिमी. जमिनीखालच्या लाइनसाठी वेगळा पाइपही मिळतो, आयएस १५३२८, विटकरी रंगाचा, त्यावर एसएन ४ किंवा एसएन ८ लिहिलेलं असतं; आकडा जितका मोठा तितका पाइप दाबाला कणखर. गाडी वरून जाणार तिथे एसएन ८ घ्या. पार्किंगखाली पाइपवर दोन फूटही माती येत नसेल तर त्या भागात पाइपभोवती १५ सेंटिमीटर काँक्रीट.

नळकाम
आता पैशांचं. खालचे दर ढोबळ आहेत, पण राशी (किती घनमीटर, किती नग) तुमच्या मापाच्या आहेत, त्या कंत्राटदारासमोर ठेवा.

खोदाई : १८ मीटर × ६० सेंमी × सरासरी ९० सेंमी, म्हणजे ९.७ घनमीटर, साडेतीन ब्रासच्या जवळ (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). माती-मुरूम असेल तर पाच-सहा हजारांत होते. काळा पाषाण लागला तर ब्रेकर लावावा लागतो आणि हाच आकडा तिप्पट होतो. पाषाणाचा दर आधीच वेगळा लिहून घ्या, भांडणं इथेच होतात.
पाइप : ३ मीटरचे आठ नग (सहा आत, दोन रस्त्यात), १२ ते १८ हजार. बेंड, वाय, रिंगा धरून अजून ६-७ हजार.
पाइपखाली आणि भोवती कच (खडीचा बारीक चुरा) : दीड ब्रास, ७-८ हजार. ८५ हजारांच्या अंदाजातून बहुतेक हेच गायब असणार.
चेंबर : वळण असेल तिथे एक, जोडणी असेल तिथे एक, तुमच्याकडे चार धरा. आतून दोन फूट बाय दोन फूट, तीन फूट खोल, ९ इंची भिंत. एका चेंबरला साधारण ३५० विटा आणि ३ गोणी सिमेंट. मजुरी, झाकण, फ्रेम धरून १० हजारांच्या आसपास. चारांचे ४० हजार. चार इंची भिंतीचं चेंबर निम्म्या विटांत होतं, पण गाडीच्या दाबाने दोन-तीन पावसाळ्यांत आत कलतं.
फरशा काढून पुन्हा बसवणं : सुमारे १७५ चौरस फूट, १८-२० हजार.
प्लंबरची मजुरी ६ हजार, राडारोडा उचलणं ५ हजार.

बेरीज लाखाच्या थोडी पुढे जाते. रस्त्यातला भाग आणि महापालिकेचे पैसे वेगळे. म्हणजे १ लाख ६० हजारवाल्याने रस्ता धरलाय का, हे विचारा. धरला असेल तर तो महाग नाही.

वॉर्ड_ऑफिस
महापालिकेच्या बाजूचं : अर्ज क्षेत्रीय कार्यालयात, परवानाधारक प्लंबरमार्फत. सोबत मालमत्ताकराची पावती, जागेचा नकाशा आणि त्यावर जुनी-नवी लाइन रंगवून. जुनंच कनेक्शन त्याच मॅनहोलला बदलताय हे अर्जात स्पष्ट लिहा, नाहीतर कागद नव्या जोडणीच्या रांगेत जातो. रस्ता खोदायचा तर दुरुस्तीचा आकार (शुल्क) आधी भरावा लागतो. तो लांबी-रुंदी आणि रस्त्याच्या प्रकारावर ठरतो, डांबरी आणि काँक्रीट रस्त्यांचे दर वेगळे. पावसाळ्यात खोदाईला परवानगी मिळत नाही, त्यामुळे अर्ज हिवाळ्यातच द्या. एप्रिलमध्ये कागद घेऊन आलेली माणसं दिवाळीपर्यंत तुंबलेल्या लाइनसकट बसतात.

मॅनहोलमध्ये आपला पाइप मुख्य लाइनच्या माथ्याच्या वर सोडायचा. तळाशी सोडला तर मुख्य लाइन भरली की पाणी उलटं घरात येतं. तुमचं जोतं रस्त्यापेक्षा खाली असेल तर शेवटच्या चेंबरमध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) लावाच. गच्चीचे पावसाळी पाइप ड्रेनेजला जोडलेले असतील तर याच कामात तोडून वेगळे काढा.

आणि मॅनहोलमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही. २०१३च्या कायद्याने ते गुन्हा आहे, घरमालकही सुटत नाही. आतला हायड्रोजन सल्फाइड सुरुवातीला घाण वास देतो आणि जास्त झाला की वासच येत नाही, माणूस तिथेच कोसळतो. वाचवायला उतरणारा दुसराही जातो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी किमान ३० लाखांची भरपाई ठरवली. पाच हजारांत माणूस उतरवतो, असं कंत्राटदार सुचवील. नाही म्हणा. सक्शन आणि जेटिंगची गाडी बोलवा.

मोगरा_पुणे
सर्वांचे आभार. लेव्हल नळीने मोजलं, १८ मीटरला ४२ सेंटिमीटर उतार मिळतोय. अजून दोन शंका : न खोदता जुन्या पाइपच्या आत नवीन अस्तर भरतात म्हणे, ते इथे होतं का? आणि कामाच्या दिवसांत संडास किती दिवस बंद राहील?

ढाळ_महत्त्वाचा
४२ म्हणजे १६० ला उत्तम, तीसच्या वर आहे. ११० ला ४५ हवे होते, म्हणजे ते पुरलं नसतं.

अस्तराचं तंत्र मोठ्या सार्वजनिक लाइनींसाठी वापरतात. १८ मीटरसाठी यंत्रसामग्री आणण्याचाच खर्च खोदाईला मागे टाकतो. शिवाय अस्तर जुन्या पाइपचाच आकार घेतं. पाइप मध्ये बसला असेल तर अस्तरही तिथेच बसतं आणि पाणी साचतच राहतं.

संडास बंद ठेवायची गरज एकच दिवस. नवीन चर जुन्या लाइनपासून फूटभर बाजूला काढा, पाइप-चेंबर सगळं पूर्ण करा, जुनी लाइन तोवर चालू ठेवा. शेवटच्या दिवशी सकाळी जोडणी फिरवायची. नंतर जुन्या पाइपची दोन्ही तोंडं काँक्रीटने बंद करा, नाहीतर घुशी त्यात घर करतात आणि वर्षभरात फरशी खचते.

टाकताना क्रम खालून वर, रस्त्याकडून घराकडे, सॉकेटचं (पाइपच्या रुंद टोकाचं) तोंड चढाकडे. तळाला १० सेंटिमीटर कच, सॉकेटपाशी थोडा खड्डा, म्हणजे पाइप अख्ख्या लांबीवर टेकतो. विटेच्या तुकड्यांवर पाइप उचलून ढाळ जमवत असतील तर काम थांबवा, तो पाइप पुढच्या पावसात मधोमध वाकणार. रबर रिंगला साबणाचं पाणी चालतं, ग्रीस किंवा इंजिन ऑइल नाही, त्याने रबर फुगतं. पाइप पूर्ण आत घालून खूण करायची आणि १० मिमी मागे ओढायचा, उन्हाने वाढायला तेवढी जागा लागते.

माती टाकण्याआधी दोन चाचण्या. खालचं तोंड बंद करून वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरा आणि अर्धा तास पातळी बघा. मग पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा १३ मिमी लहान गुळगुळीत चेंडू वरून सोडा. तो कुठेही न अडता खालच्या चेंबरमध्ये आला पाहिजे. चेंबरच्या तळाला अर्धगोल नाळ आणि दोन्ही बाजूंना तिच्याकडे उतरता घोटलेला सिमेंटचा ढाळ असावा. सपाट तळ ठेवला तर मैला कोपऱ्यात साठतो.

नळकाम
यात भर : पाइपवर फूटभर होईपर्यंत दगड नसलेली माती, १५-१५ सेंटिमीटरचे थर, हाताने ठोकून. वर मुरूम, भरपूर पाणी. फरशा लगेच बसवू नका, दोन-तीन आठवडे जाऊ द्या. लाइनच्या सुरुवातीला हवेचा पाइप गच्चीच्या वर न्या आणि तोंडाला मच्छरजाळी बांधा.

पैसे चार टप्प्यांत : साहित्य जागेवर आल्यावर, पाइप बसल्यावर, पाणी आणि चेंडूची चाचणी झाल्यावर, आणि फरशा बसल्यावर शेवटचे २० टक्के. माती टाकण्याआधी प्रत्येक जोडाचे टेप लावून फोटो काढा, टेपचं एक टोक कंपाउंडच्या भिंतीला. पुढे नळ किंवा केबल टाकताना कुठे खोदायचं नाही हे त्यावरून कळेल.