सांगलीत ताजे कॉफी बीन्स ओळखायचे कसे, मागवायचे कुठून आणि पावसाळ्यात ठेवायचे कुठे?

विश्रामबागवाली

नमस्कार मंडळी. आमच्याकडं कॉफी म्हणजे दुधात ढवळायची इन्स्टंट, ती पण पाहुणे आले तर, एरवी चहाच. भावानं मोकापॉट (गॅसवर ठेवून कॉफी करायचं भांडं) दिला आणि सोबत पुण्याच्या एका छोट्या रोस्टरचं, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याचं, पाव किलोचं पाकीट, ते फोडल्यावर घरभर जो वास सुटला तो काय सांगू, सासूबाई आतून विचारायला लागल्या काय भाजतीयेस गं म्हणून. ते संपलं. मग इथल्याच एका मोठ्या दुकानातून त्याच्यापेक्षा महागाचं आणलं, वर 'रिच अरोमा' लिहिलंय, शंभर टक्के अरॅबिका (कॉफीची भारीतली जात म्हणतात) लिहिलंय, एक्सपायरीला अजून सात महिने आहेत, आणि कप तोंडाला लावला तर नुसतं कडू गरम पाणी. पॉट तोच, गॅस तोच, हात पण तोच.

तर विचारायचं हे की पाकीट बघून बीन्स ताजे आहेत का नाही हे कळतं का? सांगली-मिरजेत किंवा जवळपास कुणी भाजून देतं का, का पुण्यालाच सांगायचं दरवेळी? आणि फ्रिजमध्ये ठेवायचे का बाहेर? यूट्यूबवर प्रत्येकजण वेगळं सांगतोय. आता पावसाळा तोंडावर आलाय आणि आमच्या घरात पापड पण सादळतात.

कण्हेरकाठ

ताई, एक्सपायरी बघूच नका, रोस्ट डेट बघा. म्हणजे भाजल्याची तारीख. मोठ्या दुकानातल्या पाकिटावर बहुतेकदा पॅकिंगची तारीख आणि बेस्ट बिफोर एवढंच असतं, आणि कॉफी खराब होत नाही ओ, त्यामुळं वर्षभरानं पण प्यायली तरी पोट बिघडणार नाही, म्हणून कंपनी बिनधास्त वर्षाची मुदत टाकते. पण चव त्याच्या कितीतरी आधी निघून गेलेली असते. भाजल्यापासून साधारण महिना-दीड महिना खरा जीव असतो, पुढं हळूहळू नुसता कडवटपणा उरतो. ज्याच्या पाकिटावर रोस्ट डेट नाही त्याचं मी घेत नाही, मग ते कितीही नावाजलेलं असो.

आणि अगदी काल भाजलेलं पण नको. भाजल्यावर बीन्समध्ये कार्बन डायऑक्साइड अडकून राहतो आणि काही दिवस बाहेर पडत असतो, पाकिटाला ते बटणासारखं भोक असतं ना, तो वॉल्व्ह त्यासाठीच, आतला गॅस बाहेर सोडतो आणि बाहेरची हवा आत घेत नाही. गॅस फार असला की पाणी कॉफीत नीट मुरत नाही, चव आंबट आणि पोकळ लागते. मोकापॉटला आठवडाभर थांबा, भाजणी फिकी असेल तर आणखी थोडं. एस्प्रेसोवाले दोन आठवडे पण थांबतात.

घरी तपासायचं असेल तर मूठभर बीन्स झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पिशवी फुगलेली दिसली तर माल ताजा. चपटीच राहिली तर तुमच्या त्या 'रिच अरोमा'चा भाऊ समजा. दुसरं, दळलेल्या कॉफीवर थोडं गरम पाणी टाकलं की ताजी असेल तर फसफसून वर येते.

तेलकट चकाकी बघून फसू नका. डार्क रोस्टला तेल सुटतंच, तो दोष नाही. पण पाकिटावर मीडियम लिहिलंय आणि बीन्स तेलानं चमकतायत तर बऱ्याचदा ते जुने असतात.

सांगलीत कोण भाजतं ते मला सांगता येणार नाही, मी साताऱ्याचा. मी सरळ चिकमगळूरच्या बाजूनं मागवतो. बाबा बुडन या सूफी संतानं येमेनच्या मोका बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि तिथल्या डोंगरात लावल्या अशी आख्यायिका सांगतात, तो डोंगर तिथलाच. आता तिथले बरेच मळेवाले स्वतःच भाजून कुरियर करतात. पूर्वी हे शक्यच नव्हतं, कॉफी बोर्डाच्या 'पूल'मध्ये, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र साठ्यात, माल घालावा लागायचा, नव्वदच्या दशकात ते बंधन सुटलं तेव्हा कुठं मळेवाला आपल्या नावानं विकायला लागला. आपण पुणे-बंगळूर हायवेवर बसलोय, पार्सल लवकर येतं. फक्त सोमवारी-मंगळवारी डिस्पॅच करा म्हणून सांगा, नाहीतर शनिवार-रविवार गोडाऊनमध्ये पडून राहतं आणि एप्रिल-मेमध्ये त्या पत्र्याखाली काय होतं ते वेगळं सांगायला नको.

मोकापॉटला मीडियम किंवा मीडियम-डार्क घ्या, एस ७९५ या अरॅबिका वाणाचा वॉश्ड (फळाचा गर धुऊन काढून वाळवलेला) घेतलात तर चॉकलेटकडं झुकणारी, कमी आंबट चव मिळते, दूध घातलं तरी टिकते. 'नॅचरल' लिहिलेलं पहिल्यांदाच नका घेऊ. फळासकट वाळवलेलं असतं, आंबूस-फळासारखा वास येतो, सासूबाईंना वाटेल नासलं.

पेवातली_हळद

काय ओ कण्हेरवाले, एवढं सायन्स कशाला? आमच्याकडं बेळगावहून कॉफी येत्या, वडलांच्या काळापासनं. दुकानात जायचं, पीबी आणि प्लांटेशन ए अर्धं-अर्धं सांगायचं, चिकोरी किती ते सांगायचं, समोर दळून देतो, गरम पुडी पिशवीत घेऊन यायचं. पीबी म्हंजे पीबेरी बरं का ताई, फळात दोन बिया असत्यात त्याऐवजी एकच गोल बी निघते ती, आणि प्लांटेशन ए म्हंजे वॉश्ड अरॅबिकाची एक प्रत.

चिकोरी बघून घ्या मात्र. ती कॉफी नाहीच, मुळी असते भाजलेली, कायद्यानं ४९ टक्क्यांपर्यंत घालता येते आणि पाकिटावर लिहावं लागतं, पण आपण वाचतोय कुठं. मी ८०:२०, म्हंजे ८० कॉफी आणि २० चिकोरी, याच्यापेक्षा जास्त चिकोरी घालू देत नाही. आणि पावसाळ्यात चिकोरीवाली पुडी दगड होते, लई पाणी ओढते ती. जुलै-ऑगस्टला मी बिगरचिकोरीची आणतो.

ठेवायचं म्हणाल तर आमचा धंदाच ठेवायचा. हरिपूरला जमिनीत पेवं असायची, हळद आत घालून तोंड बंद केलं की हवा नाही, कीड नाही, वर्षानुवर्षं माल जसाच्या तसा. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं गेली ती गेली. तिथनं एकच शिकलोय, हवा तोडायची. पण हळद थांबते, कॉफी थांबत नाही, म्हणून कमी आणायची. आणि कृपा करून मसाल्याच्या कपाटात ठेवू नका, कॉफी वास धरते. आमच्या गोडाऊनच्या ऑफिसात एकदा बरणी ठेवली हुती, पुढं सगळ्यांना हळदीचं दूध पिल्यागत झालं.

विश्रामबागवाली

@पेवातली_हळद काका, हळदीचं दूध 😂 आमचं मसाल्याचं आणि चहा-कॉफीचं कपाट एकच आहे, आजच हलवते.

दोघांचं वाचून गोंधळ झालाय. दळून आणायची का अख्खे बीन्स? माझ्याकडं मिक्सर आहे, त्यात चालेल का? आणि फ्रिजचं कुणीच बोललं नाही.

कण्हेरकाठ

काकांची बेळगावची कॉफी मी प्यायलोय, मस्तच असते, आणि समोर दळून देतात म्हणजे निदान दळण तरी ताजं. पण तुम्ही विचारताय वासाचं, आणि अख्खा बी आठवडे टिकतो तिथं दळलेली पूड काही दिवसांत उतरते, कारण हवेला भिडणारा भाग कितीतरी पटीनं वाढतो. घरात माणसं जास्त आणि पाव किलो आठ दिवसांत संपत असेल तर दळून आणा, काही बिघडत नाही. एकटा-दुकटा पिणारा असेल तर अख्खेच.

मिक्सर चालतो पण पातं कापतं, दळत नाही. काही पीठ होतं, काही कणी राहते, पीठ कडवट उतरतं आणि कणी कच्ची. नाइलाज असेल तर थोडं-थोडं फिरवा, मध्ये भांडं हलवा, गरम होऊ देऊ नका. जमलं तर 'बर' (burr, म्हणजे बी चिरडून दळणारे दाते) असलेला हातानं फिरवायचा ग्राइंडर घ्या, दोन-अडीच हजारांपासून बरे मिळतात. महागड्या बीन्सच्या आधी ग्राइंडर, हे माझं ठाम मत.

फ्रिज नको. रोज काढ-घाल होते, दर वेळी थंड बीन्सवर दव धरतं, शिवाय आत लसणाची चटणी, कालचं सांबार. ज्या पाकिटात आले त्यातच राहू द्या, हवा दाबून काढा, वरून गुंडाळून रबर लावा आणि ते पाकीट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. नुसतं डब्यात ओतू नका, अर्धा डबा रिकामा म्हणजे अर्धा डबा हवा. काचेची बरणी ओट्यावर शोभून दिसते पण उजेड लागतो. गॅसच्या वरचं कपाट आणि फ्रिजचा माथा, दोन्ही गरम असतात, तिथं नाही.

जास्त आणले असतील तर फ्रीझर. दोन-तीन दिवस पुरतील अशा छोट्या पुड्या हवा काढून सील करा, एकेक बाहेर काढा आणि पुडी पूर्ण घरातल्या तापमानाला आल्यावरच फोडा. परत आत ठेवायची नाही.

पावसाची गंमत बघा, कच्च्या बीन्सना किनाऱ्यावर मुद्दाम ओलं वारं देतात, ते फुगून पांढुरके होतात, आंबटपणा जातो आणि मॉन्सून्ड मलबार म्हणून जास्त भावानं विकले जातात. तीच हवा भाजलेल्याला लागली की गेलं काम.

तासगाव_नाका

फ्रीझरचं शहरात ठीक आहे. आमच्याकडं मळ्यात लाइट जाती ती चार-चार तास येत नाही, फ्रीझरमधलं वितळून परत गोठतं, पुडीत पाणी दिसतं. बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवतात ते बघून मी पण बायकोला म्हटलं टाक कॉफी फ्रीझरला, तिनं वेड्यात काढलं आणि तिचंच बरोबर होतं. गावाकडच्यांनी थोडं-थोडं मागवावं हेच बरं.

आणि पाव किलोला पाचशे-सहाशे देऊन रोस्ट डेट बघत बसायचं म्हणजे जरा जास्तच वाटतं मला. इन्स्टंट काय वाईट आहे?

मिरज_जंक्शन

@तासगाव_नाका वाईट काय नाही, पण ताईंनी तो प्रश्नच विचारला नाही. भाव वाढलेत हे खरं, ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला तेव्हापासून, २०२५ च्या सुरुवातीला अरॅबिका जगभर विक्रमी भावाला गेली होती, आपला मळेवाला पण त्याच भावाला बघून विकतो. त्यात रोस्टरला दोष देऊन उपयोग नाही.

स्वस्त पाहिजे असेल तर थोडी रोबस्टा (अरॅबिकापेक्षा स्वस्त असलेली कॉफीची दुसरी जात) मिसळलेलं ब्लेंड घ्या. रोबस्टा म्हणलं की लोक नाक मुरडतात, पण कोडगूची (कूर्गची) चांगली वॉश्ड रोबस्टा दाट उतरते आणि आपल्याकडच्या म्हशीच्या दुधात अरॅबिका एकटी हरवून जाते.

जवळ कुणी भाजतंय का तर सांगली-मिरजेत नवीन कॅफे निघालेत त्यांना विचारा की बीन्स कुठून घेता आणि मला पाव किलो द्याल का. बरेच जण देतात. मशीनच्या वरच्या हॉपरमधले (बीन्स भरायच्या भांड्यातले) उघडे नाही घ्यायचे, सीलबंद पाकीट आणि तारीख दाखव म्हणायचं. तारीख विचारल्यावर जो गडबडतो त्याच्याकडं केक खा फक्त.

मी आणि ऑफिसमधले तिघं मिळून मागवतो, कुरियरचा खर्च वाटला जातो आणि प्रत्येकाला पाव-पाव किलोचं वेगळं पाकीट, म्हणजे एक किलोचं पोतं फोडून वाटत बसायला नको. पुढची ऑर्डर येत्या रविवारी टाकणार आहे, ते मंगळवारी भाजून पाठवतात. कुणाला पाहिजे असेल तर सांगा, मिरज स्टेशनजवळून घेऊन जावं लागेल, घरपोच वगैरे नाही.

विश्रामबागवाली

@मिरज_जंक्शन मला एक पाव किलो, मीडियम-डार्क, अख्खे. व्यनि करते. काका, बेळगावला कुणी जाणार असेल तर ८०:२० पण चालेल, सासऱ्यांना फिल्टर कॉफीच आवडते.

पेवातली_हळद

गुरुवारी माझा माणूस जातोय. पण फिल्टर हाय का घरात? नसंल तर पितळंचा तिथनंच आणायला सांगतो, स्टीलचा पण मिळतो.