किशोरींना मार्गदर्शन आणि त्यांच्या हक्कांसाठी पाठपुरावा: दोन्ही कामे एकाच संस्थेने करावीत का?

प्रश्न: गोदाकाठ

नमस्कार. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या गावांमध्ये किशोरवयीन मुलींबरोबर काम करणाऱ्या एका लहान संस्थेत मी आहे. आठवी ते बारावीच्या वयाच्या मुलींचे गट, प्रत्येक गटाला त्याच पंचक्रोशीतली एक शिकलेली ताई, आठवड्याची एक बैठक आणि अधूनमधून घरभेट, असे आमच्या कामाचे साधे स्वरूप आहे. मुली मोकळेपणाने बोलू लागल्या आहेत आणि दहावीनंतर काय करायचे हे घरात विचारू लागल्या आहेत, एवढे तरी नक्की दिसते.

अडचण त्यापुढे सुरू होते. दहावीला चांगले गुण मिळालेल्या मुलीचे कनिष्ठ महाविद्यालय तालुक्याला असते आणि सकाळची एसटी फाट्यावर थांबेलच याची खात्री नसते. दिवाळीच्या सुमारास आईवडील कारखान्यावर निघतात, घरी आजी तेवढी उरते, आणि वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची या काळजीपोटी स्थळे पाहिली जाऊ लागतात. अशा वेळी ताईने मुलीला नुसता धीर देऊन भागत नाही, म्हणून आम्ही एसटीचे आगार, पंचायत समिती आणि ग्रामसभा येथे जाऊ लागलो. आता आमच्या मुख्य देणगीदार कंपनीचे म्हणणे असे की, निधी मार्गदर्शनासाठी दिला आहे, ‘ॲडव्होकसी’साठी, म्हणजे हक्कांच्या पाठपुराव्यासाठी नाही. आमच्या दोन विश्वस्तांनाही भीती वाटते की, गावकीशी वाकडे आले तर ज्या घरांत आज ताईला चहा मिळतो, त्यांची दारे बंद होतील.

ही दोन्ही कामे एकत्र करणाऱ्या संस्थांचा अनुभव काय आहे, आणि ताईने पाठपुराव्यात स्वतः किती पुढे व्हावे, याविषयी जाणकारांनी लिहावे ही विनंती.

उत्तर १: पैठणफाटा

तुमच्या शेजारचेच उदाहरण पाचोडचे आहे. पैठण तालुक्यातील पाचोड येथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट’ या संस्थेने १९९०च्या दशकाच्या अखेरीस अविवाहित किशोरींसाठी जीवनकौशल्यांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवला. संध्याकाळी एक तासाचा वर्ग, वर्षभरात २२५ तासिका, आणि शिकवणाऱ्या स्त्रिया किमान सातवीपर्यंत शिकलेल्या. आरोग्य, पोषण आणि सामाजिक प्रश्न यांच्या बरोबरीने स्थानिक संस्थांचा कारभार कसा चालतो, हाही त्या अभ्यासक्रमाचा एक स्वतंत्र विभाग होता, ही गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

त्या कामाचे मूल्यमापन झाले. कार्यक्रमाच्या गावांत १९९७ ते २००१ या काळात अठरा वर्षांखालील मुलींच्या विवाहांचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून ६२ टक्क्यांच्या आसपास आले आणि विवाहाचे मध्यक वय १६ वरून १७ झाले. एक वर्षाने असा काय फरक पडतो, असे शहरातल्या माणसाला वाटेल. सोळाव्या वर्षी लग्न ठरत असलेल्या मुलीच्या बाबतीत ते एक वर्ष म्हणजे दहावीची परीक्षा देणे किंवा न देणे असते. तरीही इतक्या चिकाटीच्या कामानंतर दहापैकी सहा लग्ने अल्पवयातच होत राहिली, हेही त्याच आकड्यांत लिहिलेले आहे आणि ते नजरेआड करू नये.

असे का होते, याचे उत्तर तुमच्या भागात तर उघडच आहे. ऊसतोडीत मुकादम (मजुरांची टोळी जमवणारा) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो ती जोडप्याला. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. लग्न झाले की घरात एक नवा कोयता तयार होतो आणि मुलीला एकटी मागे ठेवण्याची चिंताही मिटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होते. बीड जिल्ह्यात ते ४३ टक्क्यांहून अधिक होते. एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली हा आकडा जवळजवळ दुप्पट होत असेल, तर तो फरक मुलींच्या आत्मविश्वासातून आलेला नाही. तेव्हा हंगामी वसतिगृह (आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मुलांना मागे ठेवण्याची सोय), बस आणि कोयत्याची मजुरी यांविषयी बोलणे हे तुमच्या कामाबाहेरचे आहे, असे म्हणणाऱ्या माणसाने एकदा नोव्हेंबरात त्या गावी येऊन पाहावे.

उत्तर २: कलम आणि कागद

कायद्याच्या बाजूने लिहितो. कंपन्यांनी सामाजिक जबाबदारीचा निधी (सीएसआर) कोणत्या कामांवर खर्च करावा, याची यादी असलेल्या कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत स्त्री-पुरुष समानता आणि स्त्रियांचे सक्षमीकरण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. राजकीय पक्षाला दिलेली रक्कम सीएसआरमध्ये धरता येत नाही. पण मुलींसाठी बस मागणे किंवा ग्रामसभेत वसतिगृहाचा ठराव मांडणे ही पक्षीय कृती नव्हे. देणगीदाराशी वाद घालण्याऐवजी पुढील करारातच ‘मुलींना शासकीय योजना व सेवा मिळवून देणे’ असे कलम घालून घ्यावे आणि त्यासाठीचा प्रवास, कागदपत्रे व ताईचा वेळ यांची तरतूद अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी. माझ्या पाहण्यात कंपन्यांचा विरोध बहुधा शब्दाला असतो, कामाला क्वचितच.

दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे आणि संस्था त्याकडे फार दुर्लक्ष करतात. ताईने मुलीला ‘तू मला सांग, मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती ज्याला होते, त्याने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. ताई बावीस वर्षांची, त्याच गावची आणि आरोपी कदाचित तिच्याच भावकीतला. हे ओझे तिच्या एकटीवर टाकणे अन्यायाचे आहे. पहिल्याच बैठकीत मुलींना स्पष्ट सांगावे की, बाकी सारे आपल्यातच राहील, पण कोणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर आपण मदत घेऊ. आणि तशी वेळ आलीच तर कळवण्याची जबाबदारी संस्थेतील एका ठरलेल्या वरिष्ठ व्यक्तीने घ्यावी. ताईच्या नावाने फिर्याद जाता कामा नये.

बालविवाहाच्या बाबतीतही हाच नियम ठेवावा. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली गावपातळीवर ग्रामसेवक हा प्रतिबंधक अधिकारी असतो, १०९८ हा बालकांसाठीचा मदतक्रमांक आहेच, आणि कलम १३ खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडून लग्नापूर्वी मनाई हुकूमही मिळू शकतो. मात्र लग्नाच्या आदल्या दिवशी पोलीस आणून मांडव मोडला आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तालुक्यात गुपचूप लग्न लागले, असे प्रकार सर्वांनीच ऐकले असतील. लग्न थांबल्यानंतर ती मुलगी राहणार कोठे आणि शिकणार कोठे, याची सोय आधी लावून मगच पाऊल उचलावे.

उत्तर ३: माळावरचा

थोडा विरोधी सूर लावतो. वरची दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, परंतु विश्वस्तांची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. राजस्थानात २००७ साली सफीना हुसेन यांनी सुरू केलेल्या ‘एज्युकेट गर्ल्स’ या संस्थेकडे पाहावे. २०२५ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळवणारी ती पहिली भारतीय संस्था ठरली. ‘टीम बालिका’ म्हणून ओळखले जाणारे गावातलेच तरुण स्वयंसेवक घरोघर जाऊन शाळाबाह्य मुली शोधतात, पालकांशी बोलतात, दाखला मिळवून देतात आणि मागे पडलेल्या मुलांना शिकवतात. भिलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ या काळात निकालावर आधारित निधीची योजना राबवली गेली. तीत शोधलेल्या शाळाबाह्य मुलींपैकी ९२ टक्के मुली पटावर आल्या आणि शिकण्याच्या प्रगतीत ठरवलेल्या उद्दिष्टाच्या १६० टक्के काम झाले. हे सारे त्यांनी सरकारी यंत्रणेच्या हातात हात घालून केले. मोर्चे काढण्यापेक्षा गुरुजींच्या बाजूला बसून पटनोंदणी करून घेणे कधीकधी अधिक फळ देते, एवढेच माझे म्हणणे आहे.

उत्तर ४: पैठणफाटा

माळावरचा यांचे म्हणणे अर्धे पटते. भिलवाड्यातील त्या कामात मुली प्राथमिक व उच्च प्राथमिक वयाच्या होत्या, आणि त्या वयासाठी शिक्षण हक्क कायदा पाठीशी उभा असतो. तो सहा ते चौदा वर्षांपर्यंतच लागू आहे. गोदाकाठ यांच्या बहुतेक मुली नेमक्या चौदानंतरच्या आहेत. तिथे पटावर घेण्यासाठी शाळाच जवळ नसेल तर गुरुजींच्या बाजूला बसून काय करणार? शिवाय मोर्चाचा विषय येथे कोणीच काढलेला नाही.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पॉक्सोविषयीची सूचना आम्ही तातडीने अमलात आणू. आणखी एक अडचण विचारते. आमच्या ताया फार काळ टिकत नाहीत. कोणाचे लग्न होते, कोणाला पुण्याला नोकरी लागते, आणि जेमतेम विश्वास बसलेला गट पुन्हा नव्या ताईच्या हाती जातो. मानधन वाढवणे आम्हांला सध्या शक्य नाही.

उत्तर ५: सातासमुद्रापार

आफ्रिकेतील मुलींच्या शिक्षणाविषयी मी बरेच वाचन केले आहे, त्यावरून सांगते. ‘कॅम्फेड’ ही संस्था १९९३ साली ॲन कॉटन यांनी झिम्बाब्वेतील ग्रामीण मुलींसाठी सुरू केली आणि पुढे ती झांबिया, घाना, टांझानिया, मलावी येथे पसरली. तिथे शिक्षण पुरे केलेल्या मुलीच आपल्या भागातील शाळेत ‘लर्नर गाइड’ म्हणून परततात आणि दर आठवड्याला धाकट्या मुलींचा वर्ग घेतात. त्यांना पगार नसतो. त्याऐवजी स्वतःचा छोटा व्यवसाय उभारण्यासाठी बिनव्याजी कर्ज मिळते, आणि व्याज म्हणून त्यांनी शाळेत दिलेला वेळ धरला जातो. या कामाबद्दल पात्रतेचे मान्यताप्राप्त प्रमाणपत्रही मिळवता येते, ज्याचा पुढे शिक्षक-प्रशिक्षणासाठी उपयोग होतो. संस्थेने सर्वप्रथम ज्या मुलींना मदत केली, त्यांपैकी अँजेलिन मुरिमिर्वा आज संपूर्ण संस्थेच्या प्रमुख आहेत.

तुमच्याकडे कर्जाची सोय कदाचित जमणार नाही. पण ताईला या कामातून स्वतःसाठी काय मिळते, हा प्रश्न तिला थेट विचारून पाहा. कोणाला मुक्त विद्यापीठाची फी हवी असेल, कोणाला संगणकाचा अभ्यासक्रम, कोणाला नुसते अनुभवाचे नीट लिहिलेले प्रमाणपत्र. आणि प्रत्येक गटाला एकच ताई देण्याऐवजी एक ताई व तिच्या हाताखाली बारावीतली एक मुलगी अशी जोडी ठेवली, तर एक गेल्यावर दुसरी अनोळखी नसते.

उत्तर ६: जुनी कार्यकर्ती

ताईने पाठपुराव्यात किती पुढे व्हावे, या मूळ प्रश्नाचे उत्तर राहूनच गेले आहे. माझ्या मते ताईने मागे राहावे, मुलींनी पुरावा जमवावा आणि मागणी त्यांच्या आयांनी करावी.

आमच्या भागात एसटीचा असाच प्रश्न होता. गटातील मुलींनी शंभर पानी वहीत रकाने आखले: तारीख, गाडीची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष आलेली वेळ, थांबली की नाही, त्या दिवशी कितीजणींची पहिली तासिका बुडाली. महिनाभर ही नोंद न चुकता झाली. मुलींना प्रवासाचा मोफत पास आहे, पण गाडीच थांबत नसेल तर तो पास दप्तरातच राहतो, हे त्या वहीतून कोणालाही समजत होते. तिची प्रत, मुख्याध्यापकांचे पत्र आणि ग्रामपंचायतीचा ठराव एवढे कागद आगारात दिले. पोच घेतल्याशिवाय अर्ज टेबलावर ठेवू नका. आवक क्रमांक नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखेच. पहिला अर्ज तरीही हरवला. दुसऱ्या वेळी वही स्वतः मुलींनीच आगारप्रमुखांसमोर उघडून ठेवली, आणि त्यांनी वाहकांना ताकीद देऊन फाट्याचा थांबा वेळापत्रकात घातला.

ग्रामसभेबाबत एक व्यवहाराची गोष्ट सांगते. अठरा वर्षांखालील मुलींना ग्रामसभेत मत नाही. परंतु ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी आणि तिच्या शिफारशी ग्रामसभेपुढे याव्यात, अशी तरतूद आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. बहुतेक गावांत ती कागदोपत्री उरकली जाते. ती खरोखर भरवून घ्या आणि वसतिगृहाचा विषय आयांच्या तोंडून येऊ द्या. भावकीला मग संस्थेवर बोट ठेवता येत नाही, कारण बोलणारी बाई त्यांच्याच घरची असते. मात्र तारीख पाहून ठरवा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला निम्मे गाव उसाच्या फडात असते. तुमच्या आया गावात सापडतात त्या १ मे आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभांना. हंगामी वसतिगृहाचा ठराव ऑगस्टमध्ये झाला, तर ऑक्टोबरात कोयते निघण्यापूर्वी पंचायत समितीकडे पाठपुरावा करायला दीड-दोन महिने हाती राहतात. याद्या मात्र जूनमध्ये शाळा उघडतानाच करून ठेवा: कोणाचे आईवडील कोणत्या कारखान्याला जाणार, घरी कोण राहणार आणि कोणती मुलगी कितवीत आहे. गटशिक्षणाधिकारी सर्वांत आधी तीच यादी मागतात.