जाब विचारणारी माणसं आजही आहेत

वर एकांनी लिहिलंय की राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सुनावणारे रामशास्त्री त्या काळातच शोभले, आता सरकारला जाब विचारून काही होत नाही. मला हे अजिबात पटत नाही. मी इंदूरची. व्यापमं घोटाळा, म्हणजे मध्य प्रदेशातल्या प्रवेश आणि नोकरभरती परीक्षांमधला घोटाळा, आमच्याच शहरात उघडा पडला. जुलै २०१३ मध्ये पीएमटीला (वैद्यकीय प्रवेश परीक्षेला) दुसऱ्याच्या नावाने बसायला आलेले तोतये इथे पकडले गेले. पुढे धमक्या सोसूनही तक्रारी आणि याचिका लावून धरणारी माणसं होती, म्हणून २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तपास सीबीआयकडे दिला आणि २०१७ मध्ये ६०० हून अधिक प्रवेश रद्द झाले.

आमच्या शेजारचे निवृत्त मास्तर माहिती अधिकाराखाली रस्त्याच्या कामाचा हिशेब मागतात. साध्या कागदावर अर्ज, १० रुपये शुल्क, आणि कालनिर्णयवर तिसाव्या दिवसाला लाल गोल. उत्तर आलं नाही की लगेच पहिलं अपील. (अक्षर काय सुरेख आहे त्यांचं!)

राग यायचाच असेल तर याचा यावा: जागल्यांना, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण तो लागूच केलेला नाही. तो का अडलाय, हे आपापल्या खासदारांना लेखी विचारा. मी विचारलंय.